सांबऱ्याहून हिथ्रो: अंतर किती, वेळ किती

बेळगावच्या सांबरा विमानतळापासून लंडनचं हिथ्रो साधारण 7,600 किलोमीटर. हे अंतर पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजल्यासारखं असतं. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढाल तर वाट चुकीची दिसेल. आकडा मैलांत असेल तर एकक आधी तपासा: साधा मैल 1.609 किलोमीटरचा, विमानवाल्यांचा सागरी मैल 1.852 किलोमीटरचा.

आता गंमत बघा. सांबरा ते मुंबई सुमारे 400 आणि मुंबई ते हिथ्रो सुमारे 7,210. बेरीज जवळपास तेवढीच, कारण मुंबई त्या रेषेच्या जवळच पडते. बेंगळुरूमार्गे गेलात तर आधी 445 किलोमीटर उलट दिशेला आणि मग 8,050. म्हणजे जवळजवळ 900 किलोमीटर जास्त, हवेत तासभर वाढला. तरीही बेंगळुरूला पुढचं विमान दोन-अडीच तासांत मिळत असेल आणि मुंबईत आठ तास बसावं लागत असेल, तर बेंगळुरूच घ्यावं. अंतरापेक्षा मधला मुक्काम जास्त वेळ खातो.

उड्डाणाचा अंदाज काढायला अंतराला 850ने भागा आणि अर्धा तास मिळवा. मुंबई–लंडन नऊ तास येतं. प्रत्यक्षात जाताना साडेनऊ-दहा लागतात, कारण दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. येताना तोच पाठीशी असतो. बंद हवाई हद्दींमुळे वळसा पडला तर वेळ आणखी वाढतो; एप्रिल 2025मध्ये पाकिस्तानने हद्द बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या भारतीय विमानांचं तेच झालं.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात, हे विसरलं की सगळा हिशेब फसतो. लंडन आपल्यामागे हिवाळ्यात साडेपाच तास, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. उन्हाळ्यात मुंबईहून दुपारी 1ला निघून तिथं संध्याकाळी 6ला पोचलात, तर प्रवास पाच तासांचा नव्हे, साडेनऊचा.

जास्त नुकसान होतं ते दोन वेगळी तिकिटं काढल्यावर. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचं चुकल्यावर सोय कंपनीने करायची असते. वेगळ्या तिकिटांत ती जबाबदारी तुमची. सामान मुंबईत स्वतः उचलून पुन्हा द्यावं लागतं. देशांतर्गत तिकिटावर बहुधा 15 किलोच चालतं, परदेशाच्या तिकिटावर 23च्या एक-दोन बॅगा, त्यामुळे जादा वजनाचे पैसे सांबऱ्यावरच मोजावे लागतात. मुंबईत टर्मिनल 1ला उतरलात तर टर्मिनल 2ला रस्त्याने जायचं आहे. अशा वेळी मध्ये किमान पाच-सहा तास ठेवा.

पावसाळ्यात तेवढेही पुरतील असं नाही. ढग खाली उतरून सांबऱ्यावर दिसेनासं झालं की विमान उशिरा येतं किंवा दुसरीकडे वळवतात. जुलै-ऑगस्टमध्ये वेगळी तिकिटं असतील तर आदल्या दिवशीच मुंबई गाठलेली बरी. रस्त्याने कोल्हापूर-पुण्यावरून साधारण 500 किलोमीटर पडतात. निपाणीकरांनी मात्र सांबऱ्याआधी कोल्हापूरच्या उजळाईवाडीच्या वेळा बघाव्यात, तो विमानतळ त्यांना जवळ आहे.