आमची वाटचाल : २१५ नंबर नेमका कुणाचा?

आमची फर्म रत्नागिरीत २००१ ला सुरू झाली, फर्म म्हणजे काय तर एक टूलबॉक्स, एक क्रोन टूल (वायर पट्टीत दाबून बसवायचं हत्यार) आणि बाबांची जुनी स्कूटर. बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते त्यामुळे वायरची जोडी धरून टोन तपासायला मी शाळेत असतानाच शिकलो होतो. पहिली सात-आठ वर्षं लॉज, दवाखाने, काजू फॅक्टऱ्या यांचे इंटरकॉम आणि ईपीबीएक्स (ऑफिसातले फोन आपसात आणि बाहेर जोडणारं मशीन) हेच काम. मे महिन्याच्या शेवटी विजा कडाडायला लागल्या की जळालेली कार्डं बदला, खाऱ्या हवेने हिरवे पडलेले कॉन्टॅक्ट घासा, कोकणात या धंद्याची निम्मी कमाई त्यातच.

व्हॉइसमेलमध्ये, म्हणजे न उचललेल्या फोनवर मेसेज रेकॉर्ड करून ठेवणाऱ्या सिस्टीममध्ये, उतरलो तेव्हा सगळे म्हणाले आपल्याकडे मिस्ड कॉल देतात, मेसेज कोण ठेवणार. पण आंब्याच्या सीझनला सगळ्या लाइनी बिझी असतात आणि रात्री दहाला व्यापाऱ्याचा फोन येतो, तेव्हा ऑर्डर कुठेतरी टेप व्हायलाच हवी ना. मला तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं.

एका ऑफिसचं व्हॉइसमेल सोपं असतं. समजा ऑफिसातल्या एका माणसाचा आतला नंबर, म्हणजे एक्स्टेंशन, २१५. त्याने फोन उचलला नाही की ईपीबीएक्स तो कॉल व्हॉइसमेलकडे वळवतं आणि जोडल्या जोडल्या टोनमध्ये २१५ आकडा वाजवतं, म्हणजे हा फोन या माणसासाठी होता. व्हॉइसमेल तो आकडा ऐकतं, आपल्या यादीत शोधतं आणि त्या माणसाने रेकॉर्ड करून ठेवलेलं "मी जागेवर नाही, मेसेज ठेवा" असं बोलणं लावतं. एकदा एका लॉजवर प्रत्येक गेस्टला "कृपया मेलबॉक्स नंबर दाबा" असंच ऐकू यायला लागलं, मी दोन दिवस डोकं फोडलं, शेवटी कानाला बट सेट (लाइन तपासायचा लाइनमनचा हँडसेट) लावून बसलो तेव्हा कळलं की व्हॉइसमेल लाइन उचलायच्या आधीच पहिला आकडा वाजून जातोय, २१५ चं नुसतं १५ पोचतंय आणि १५ नावाचा माणूसच नाही. प्रोग्रॅमिंगमध्ये एक सेकंदाचा पॉज टाकला, काम झालं.

खरी परीक्षा पुढे. आंब्याचा धंदा करणारे एक क्लायंट आहेत, त्यांना मी काका म्हणतो, रत्नागिरीत ऑफिस, देवगडला गोडाऊन, वाशीला गाळा. तिन्हीकडे व्हॉइसमेल आमचंच आणि तिन्हीकडे एक्स्टेंशन २०१ पासून सुरू, कारण प्रत्येक ठिकाण मी वेगळं म्हणून बसवलं होतं. मग काका म्हणाले तिन्ही जोडून दे, इथून देवगडच्या सुपरवायझरला थेट मेसेज ठेवता आला पाहिजे. जोडणं अवघड नव्हतं, मेसेज आवाजाची फाइल म्हणून ईमेलसारखाच एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जातो, त्याची व्हीपिम नावाची ठरलेली पद्धत १९९६ पासून आहे. अडचण आकड्यांची. २१५ रत्नागिरीतही आहे, देवगडातही आहे, वाशीतही आहे. आपल्या गावात पोस्टमन जसा आधी वाडी विचारतो तसा सिस्टीमला आधी ठिकाणाचा कोड द्यावा लागतो, मग माणसाचा नंबर.

मी चुकलो ते इथे. देवगड दुसरं ठिकाण म्हणून त्याला कोड २ दिला, वाशीला ३. म्हणजे देवगडच्या २१५ साठी दाबायचं २२१५. पण सिस्टीम आधी स्वतःच्या यादीत बघते, बाहेरच्या ठिकाणांकडे नंतर जाते, आणि मी लोकल नंबर तीन आकडी सेट केलेले, त्यामुळे २२१ एवढं ऐकल्यावर तिला रत्नागिरीचा २२१ सापडला आणि चौथा आकडा तिने बघितलाच नाही. २२१ म्हणजे अकाउंटवाला आणि तो शिमग्याला गावी पालखी नाचवायला गेलेला. निरोप होता की १४ आणे तयार झालेला माल गुरुवारपर्यंत काढून पेट्या वाशीला पाठवा. सीझनच्या पहिल्या पेट्या, भाव चढा, आणि निरोप सहा दिवस बंद टेबलावर पडून. काका फोनवर एवढंच म्हणाले, "अरे, तिथे माल झाडावर पिकला." त्या सीझनचं मेन्टेनन्सचं बिल मी लावलं नाही.

त्या रात्री बसून नंबर प्लॅन नव्याने लिहिला. ० बाहेरच्या लाइनला, ९ ऑपरेटरला, २ ने एक्स्टेंशन सुरू होतात, मग कोडसाठी ८ घेतला. रत्नागिरी ८१, देवगड ८२, वाशी ८३. सगळे कोड एकाच लांबीचे आणि कुठल्याही लोकल नंबरची सुरुवात ८ ने नाही. दुसरं म्हणजे प्रत्येकाकडून त्याच्याच आवाजात पूर्ण नाव आणि ठिकाण रेकॉर्ड करून घेतलं आणि ती यादी तिन्ही सर्व्हरवर ठेवली. आता ८२२१५ दाबलं की मेसेज ठेवणाऱ्याला आधी माणसाचं नाव ऐकू येतं, मगच तो बोलतो. यादी नसताना नुसत्या कोडवर आंधळा मेसेजही पाठवता येतो, पण तिकडे तो नंबरच नसेल तर परत आल्यावरच कळतं. मला ते आवडत नाही, आम्ही ते बंदच ठेवतो.

नंतर आम्ही अ‍ॅस्टेरिस्कवर आलो, मार्क स्पेन्सरने १९९९ मध्ये सुरू केलेलं फुकटचं सॉफ्टवेअर. त्यात मेलबॉक्स म्हणजे नंबर आणि त्याचा गट मिळूनच धरला जातो, २१५ ॲट देवगड असा. मोठ्या सिस्टीम, उदाहरणार्थ सिस्को युनिटी कनेक्शन, तिथेही हेच तत्त्व, नंबर गटागटांत ठेवलेले आणि प्रत्येक माणसासाठी कुठला गट आधी शोधायचा याचा क्रम लावलेला, पहिला जुळला तो घेतला. क्रम चुकला की निरोप चुकला.

फॉरवर्डचंही तसंच. २१५ वरून २२० वर आणि तिथून व्हॉइसमेलवर कॉल गेला तर मेलबॉक्स कुणाचा? आम्ही पहिल्या माणसाचा धरतो, कारण फोन त्यालाच केला होता.

२०२१ च्या १५ जानेवारीपासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य सक्तीचं झालं तेव्हा मेसेज आल्यावर मालकाच्या मोबाइलवर जाणारे कॉल अडले, एकेका साइटवर जाऊन शून्य वाढवत फिरलो. त्याच वर्षी २२ जुलैच्या पुरात चिपळूणच्या एका क्लायंट ताईंचं अख्खं रॅक पाण्याखाली गेलं. नंबर प्लॅन आमच्या ऑफिसात कागदावर होता म्हणून नव्या मशीनवर जसाच्या तसा चढवता आला, नाहीतर कोणाचा नंबर कुठला हे ताईंना आठवून आठवून सांगावं लागलं असतं.

काकांचं चौथं ठिकाण आता वेंगुर्ल्याला होतंय, पावसानंतर केबल टाकू. ८४ कोड नवा प्लॅन लिहिला त्या रात्रीपासूनच मोकळा ठेवलाय.