लाईट कोणाची, गॅस कोणाचा

भाडेकराराच्या नवव्या कलमात एकच वाक्य होतं: वीज आणि गॅसची बिलं भाडेकरूने वेळेवर भरावीत. कोणाला भरावीत, ते कुठेच नव्हतं. सही करताना मला ते खटकलंही नाही, कारण मी सांगलीची. आमच्याकडे लाईट म्हणजे एमएसईबी, राज्याचं वीज मंडळ. खरं तर एमएसईबी 2005 सालीच मोडली. महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशी तिची वाटणी झाली आणि बिलावर महावितरणचं नाव आलं. तरी बाबा अजून ‘एमएसईबीत जाऊन येतो’ म्हणतात, आणि खांबावर चढणारा वायरमनही एमएसईबीचाच असतो. गॅस म्हणजे सिलिंडर. एक शेगडीला, एक शिल्लक, आणि ‘नंबर लावलास का?’ हा आईचा ठरलेला प्रश्न. कंपनी कोणती, असं विचारायला मुळात दुसरी कंपनी असावी लागते ना.

गोरेगाव पूर्वेच्या या घरात येऊन पाच आठवडे झाले आणि एकही बिल आलं नाही, तेव्हा पोटात गोळा आला. मालक कॅनडात. त्यांना मेसेज टाकला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘रिलायन्स असेल बहुतेक. नाहीतर टाटा. हे सगळं बाबा बघायचे.’ त्यांचे बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. एजंट म्हणाला, “मॅडम, अदानी. इकडे सगळीकडे अदानीच.” तळमजल्यावरचे काका या बिल्डिंगमध्ये चाळीस वर्षं राहतायत. ते तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाले, “बीएसईएस! दुसरं कोण?”

गंमत म्हणजे यातलं कोणीच धड खोटं बोलत नव्हतं. 1929 साली निघालेली बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय म्हणजे काकांची बीएसईएस. तीच पुढे रिलायन्सकडे गेली, आणि 2018 मध्ये रिलायन्सकडून अदानींकडे. तारा त्याच, खड्डेही बहुधा तेच, फक्त बिलाच्या डोक्यावरचं नाव बदलत गेलं. माणूस ज्या वर्षी बिलाकडे नीट बघायचं सोडतो, त्या वर्षीचं नाव त्याच्या तोंडात राहतं. मालक रिलायन्सच्या काळात कॅनडाला गेले असणार, हे मला त्या एका मेसेजवरून कळलं.

ऑफिसात विषय काढला तर तिथे आणखी वेगळी तऱ्हा. दादरची मैत्रीण लाईटचं बिल बसवाल्यांना भरते. म्हणजे बेस्टला. तिला त्यात काही विचित्र वाटतच नाही. 1905 साली ही कंपनी निघाली तीच वीज आणि ट्राम अशी जोडीने. 1964 मध्ये शेवटची ट्राम बंद झाली, वीज आणि बस राहिली. कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंतच्या मूळ शहरात वीज बेस्टची. माहीमची खाडी ओलांडून वांद्र्यात शिरलं की बेस्टच्या लाल बस दिसत राहतात, पण त्यांची वीज मागेच राहते. आणि मुलुंडच्या माझ्या मावशीकडे? तिथे महावितरण. भांडुप-मुलुंड महानगरपालिकेत असले तरी विजेच्या बाबतीत ते सांगलीच्या गोटातले. मावशीच्या बिलावर तोच बारा आकडी ग्राहक क्रमांक, जो बाबांना पाढ्यासारखा पाठ आहे.

हे सगळं ऐकून मी ठरवलं की आता माणसांना विचारणं पुरे, मीटरलाच विचारू.

आमची मीटर रूम जिन्याखाली आहे. आत गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे तुकडे, वॉचमनची सायकल, रंगाचे सुकलेले डबे, आणि भिंतीवर ओळीने लुकलुकणारे मीटर. मी मोबाईलचा टॉर्च लावून मोठ्या अक्षरातली नावं वाचायला लागले. एकावर सिक्युअर, एकावर जीनस, एकावर एल अँड टी. क्षणभर वाटलं, या बिल्डिंगला पाच-सहा कंपन्या वीज देतात की काय! ही मीटर बनवणाऱ्यांची नावं, हे कळायला वेळ लागला. वीज देणाऱ्याचं नाव बारीक अक्षरांत, कोपऱ्यात किंवा स्टिकरवर होतं, आणि तिथेही दोन नावं निघाली. बहुतेक मीटर अदानींचे, पण पलीकडच्या लहान फळीवर चार मीटर टाटा पॉवरचे. एकाच जिन्याखाली दोन कंपन्या.

मीटरखाली ऑईलपेंटने आकडे होते, एक ते चौदा. माझं घर 302. मजल्यावर चार घरं, म्हणजे पहिल्यावर एक ते चार, दुसऱ्यावर पाच ते आठ, तिसऱ्यावर नऊपासून. म्हणून माझा दहा नंबर. दहा नंबरचा मीटर अदानींचा. एजंटचं बरोबर निघालं याचं जरा वाईटच वाटलं. टपालपेट्यांच्या वर बिलांचा गठ्ठा पडला होता. त्यात मीटर नंबर जुळवून बिल काढलं. नाव अनोळखी होतं, पण मालकांच्या वडिलांचं पूर्ण नाव मला कुठे माहीत होतं? 1,740 रुपये मोबाईलवरून भरून टाकले आणि त्या रात्री निवांत झोपले.

तिसऱ्या दिवशी 204 च्या काकू दारात. “अगं, आमचं लाईट बिल कोणी भरलं ते कळत नाहीये. तू नवीन आलीस ना, तुला काही ठाऊक आहे का?”

तर झालं असं होतं की मोजताना मी तळमजला धरलाच नव्हता. तिथे दोन घरं आहेत. एक त्या बीएसईएसवाल्या काकांचं. मोजणी त्यांच्यापासून सुरू होते, म्हणजे दहा नंबर 204 चा आणि माझा बारा. काकूंनी पैसे लगेच परत पाठवले, वर साबुदाणा वडेही दिले. पण आता माझा रंगवलेल्या आकड्यांवरचा विश्वास उडाला होता. बारावर तरी विश्वास कसा ठेवायचा?

उपाय काकूंच्या मुलाने सांगितला. तो डिप्लोमाला आहे. म्हणाला, “ताई, मीटरवरचा लाल दिवा बघा. घरात जेवढी वीज जाते तेवढा तो भराभर लुकलुकतो.” बारा नंबरच्या मीटरवर लिहिलं होतं की एका युनिटला हा दिवा 3200 वेळा लुकलुकणार. माझा गिझर दोन हजार वॅटचा, म्हणजे तासाला दोन युनिट, म्हणजे 6400 वेळा. सेकंदाला जवळजवळ दोनदा. मी वर गेले, फ्रिजसकट सगळं बंद केलं आणि त्याला फोन लावला.

“दिवा?”

“गप्प आहे.”

गिझर चालू केला.

“हां, ताई, सुटला! टक टक टक टक.”

बारा नंबरचाच. आणि बारा नंबर त्या पलीकडच्या फळीवर, टाटा पॉवरचा. म्हणजे एजंट चूक, काका चूक, आणि मालकांचं ते ‘नाहीतर टाटा’ तेवढं बरोबर. मीटर नंबर, नाव, पत्ता जुळवून टाटांच्या ग्राहक सेवेतून ग्राहक क्रमांक मिळाला. बिलं कुठे जात होती तेही कळलं. मालकांच्या वडिलांच्या ईमेलवर. तो ईमेल दोन वर्षांत कोणी उघडलेला नाही. आधीचा भाडेकरू क्रमांक टाकून परस्पर भरत असे. माझ्या वाट्याचं बिल मुदत उलटून सहा दिवस झालेलं.

आता मुख्य गोंधळ. बिल्डिंगमध्ये येणारी केबल अदानींची, मग माझी वीज टाटांची कशी? टाटांची वीज मुंबईला नवी नाही. 1915 पासून खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून ती येते आहे. पण गिरण्या, रेल्वे अशा मोठ्या गिऱ्हाइकांसाठी. आपल्यासारख्यांच्या घरी ती द्यायचा टाटांना हक्क आहे का, यावरून बरीच वर्षं कोर्टकचेरी चालली. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हक्क आहे असं सांगितलं. पण प्रत्येक घरापर्यंत दुसऱ्या तारा कोण ओढणार? म्हणून 2009 पासून मार्ग निघाला: तारा एकाच्या, वीज दुसऱ्याची. याला सगळे चेंजओव्हर म्हणतात. तारासुद्धा बदलल्या तर स्विचओव्हर. चेंजओव्हरवाल्याच्या बिलात ‘वहन आकार’ असतो, तो या उसन्या तारांचं भाडं समजा. मालकांचे वडील त्या काळात दर घासून बघून बदललेले असणार. दोन्हीकडचे दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो, आणि कोणाकडे स्वस्त ते तुमचे महिन्याचे युनिट किती यावर हलतं. म्हणून काकूंना ‘आम्ही पण टाटा घेऊ का?’ याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. घरात त्यांचे दोन एसी आहेत, माझा एक पंखा.

काका मात्र हे ऐकून बीएसईएसलाच चिकटून आहेत. “तारा कोणाच्या? मग झालं तर!”

गॅसचं त्या मानाने फारच सोपं निघालं. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर मीटर, बाहेर भिंतीवरून चढलेला पिवळा पाईप, आणि तो पाईप महानगर गॅसचा. 1995 साली निघालेली ही कंपनी मुंबईत घरोघरी पाईपने गॅस देते. इथे चेंजओव्हर वगैरे भानगड नाही, काकांनासुद्धा तेच नाव ठाऊक. फसायला जागा एकच आहे. पुण्यात बहिणीकडे महाराष्ट्र नॅचरल गॅस आहे. मोबाईलवर बिल भरताना दोन्ही नावं यादीत एकमेकींच्या जवळ, आणि इंग्रजी आद्याक्षरांत फक्त एका ‘एन’चा फरक. एमजीएल आणि एमएनजीएल. दहा नंबरच्या प्रकारानंतर मी आता ‘भरा’ दाबण्याआधी पडद्यावर आलेलं नाव मोठ्याने वाचते.

गॅसच्या मीटरवर काळे आकडे पुढे आणि लाल आकडे मागे. काळे घनमीटर, तेवढेच घ्यायचे. लाल म्हणजे पैशांतल्या सुट्ट्यासारखे. बिल दोन महिन्यांनी. पहिलं बिल हातात आलं तेव्हा मी जितका गॅस वापरला त्याची रक्कम आईला फोनवर सांगितली. ती म्हणाली, “आणि संपतच नाही?” मी म्हटलं, नाही संपत. थोडा वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, “तरी एक सिलिंडर शिल्लक ठेव.”

दोन्ही बिलांवर अजून मालकांच्या वडिलांचंच नाव आहे. नाव बदलायला मृत्यूचा दाखला, वारसांचं ना हरकत पत्र, सोसायटीचं पत्र असं बरंच लागणार, आणि मालक ‘डिसेंबरमध्ये येतो तेव्हा बघू’ म्हणतात. मागच्या आठवड्यात रीडिंगवाला आला. हातातल्या यंत्रात बघत त्याने मालकांच्या वडिलांचं नाव पुकारलं, “आहेत का घरात?”

“बारा नंबर ना?” मी म्हटलं. “या आत.”