तीन वाटा आणि उतरण्याचा हिशोब

मागच्या वेळी वाट निवडायला आम्हाला पाच मिनिटं लागली होती. नकाशावर जी सगळ्यात आखूड दिसली ती घेतली. चढलो मजेत. उतरताना मात्र शेवटचे दोन तास घसाऱ्यावर बूड टेकत, तिघांत एका टॉर्चच्या उजेडात काढले. कुणाला काही झालं नाही हे नशीब. म्हणून या डोंगराची वाट ठरवायला मी दोन आठवडे घेतले. सोबत तोच जुना मित्र आणि माझी मावसबहीण. तिचा हा पहिलाच मोठा डोंगर.

वाटा तीन होत्या. घळीतून सरळ वर जाणारी ४ किलोमीटरची, धारेवरून जाणारी ७ किलोमीटरची आणि डोंगराला वळसा घालून खिंडीत चढणारी ११ किलोमीटरची. शेवटच्या दोन्ही त्या खिंडीत एकत्र येतात आणि तिथून माथ्यापर्यंत एकच वाट आहे. मित्राचं मत घळीला. "अरे, चार किलोमीटर! दुपारच्या आत खाली येऊ."

मी १:५०,००० चा नकाशा काढला. त्यावर १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) २० मीटर उंचीचा फरक. घळीच्या वरच्या भागात एका सेंटीमीटरमध्ये मी २० रेषा मोजल्या, त्याही भिंग घेऊन. म्हणजे ५०० मीटर अंतरात ४०० मीटर चढ. हा उतार साधारण ३९ अंशांचा होतो. सुटे दगड त्यावर जेमतेम टिकून असतात. आपण पाय ठेवला की तेही निघतात. शिवाय घळ म्हणजे वरून सुटलेल्या दगडाची खाली यायची नेहमीची वाट, आणि पाऊस आला तर पाण्याचीही.

हे करताना एक गोष्ट ध्यानात आली, जी इतकी वर्षं डोंगरात फिरूनही मला सुचली नव्हती. रेषांमधलं अंतर २० मीटर असेल, तर १५ मीटरचा उभा कातळ दोन रेषांच्या मध्ये पूर्ण लपू शकतो. नकाशा खोटं बोलत नाही, पण तेवढं सांगतही नाही. त्यामुळे धारेच्या वाटेवर रेषा विरळ दिसल्या तरी माझं समाधान होईना.

मग वेळेचा हिशोब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली दिलेला ठोकताळा अजून चालतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. घळीची वाट बसली २ तास ३८ मिनिटांत, धारेची साडेतीन तासांत, वळशाची ४ तास २ मिनिटांत. धारेवर मध्ये दोन ठिकाणी उतरून पुन्हा चढावं लागतं; पायथा आणि माथ्यातला फरक ११०० मीटर असला तरी प्रत्यक्ष चढ १२८० भरतो. हा आकडा माझा, रेषा मोजून काढलेला. दोन जणांचे जीपीएस ट्रॅक मिळाले होते, त्यात एकाच वाटेचा चढ एकाचा ११९० तर दुसऱ्याचा १४३०. उंची मोजताना यंत्र जरा जरा वरखाली होतं आणि ते सगळं चढात जमा होत जातं, म्हणून रेषा मोजणं बरं. अर्थात नेस्मिथचा वेळ धडधाकट, न थांबणाऱ्या माणसाचा. आमचा मी दीडपट धरला. घळीसाठी तर सूत्राला अर्थच नव्हता, कारण हातापायांवर चढणाऱ्याचा वेग ते सांगत नाही.

यानंतर मी तिथे जाऊन आलेल्या दोघांना फोन केले. पहिला म्हणाला, "सोपी आहे रे, काही नाही." वाटेबद्दल इतकं निरुपयोगी वाक्य दुसरं नसेल. कुणाला सोपी, कोणत्या महिन्यात, पाठीवर किती वजन घेऊन? दुसऱ्या दादांना म्हणून नेमकं विचारलं: हात कुठे टेकावे लागले? शेवटचं पाणी कुठे? चुकलात तर कुठे चुकलात? ते जरा विचार करून म्हणाले, "खिंडीच्या खाली एक कातळटप्पा आहे, दोन माणसं उंच. चढताना कळत नाही, उतरताना पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही."

हाच तो दोन रेषांमध्ये लपलेला कातळ. आणि वाट ठरली ती इथे. आम्ही प्रत्येक वाट खालून वर वाचत होतो. मी ती वरून खाली वाचायला घेतली. घळ उतरायची? नाहीच. धार उतरायची, तर टप्प्यावर माझी बहीण अडणार. वळशाने उतरायचं, तर लांब पडेल पण कुठेही हात टेकायचे नाहीत. शिवाय उतारावर वेळ वाचतो हे सौम्य उतारापुरतंच खरं. नेस्मिथच्या ठोकताळ्यात एरिक लँगमुइर या गिर्यारोहकाने केलेल्या दुरुस्तीप्रमाणे १२ अंशांहून तीव्र उतारावर दर ३०० मीटरला १० मिनिटं उलट वाढवावी लागतात. ठरलं: धारेने चढायचं, खिंडीतून वळशाने उतरायचं. परत फिरायची वेळही आधीच ठरवली. सूर्यास्त साडेसहाचा; उतराईचे साडेचार तास आणि वर दीड तास राखीव, म्हणजे साडेबाराला जिथे असू तिथून मागे.

मित्र कुरकुरला. "एवढं गणित करून डोंगर चढतात का?" मी त्याला टॉर्चची आठवण दिली.

सकाळी सहाला निघालो. धारेवर वारा होता, पण पाऊलवाट मळलेली. कातळटप्पा बहीण सहज चढली आणि वर जाऊन खाली बघितल्यावर गप्प झाली. "इथून परत उतरायचं नाही ना?" नाही म्हटल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा होता. माथ्यावर ११:४० ला, म्हणजे नेस्मिथच्या १.६ पट वेळात. १२:१० ला उतरायला सुरुवात केली, दीडला खिंडीत. तिथून वळशाची वाट कंटाळवाणी आहे हे मान्य करतो. झाडीतून नागमोडी, दृश्य काही नाही, गुडघे मात्र खूश.

पावणेपाचला पायथ्याला आलो तेव्हा भरपूर उजेड होता. मित्राने पाणी प्यायलं, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "गाडी कुठाय?"

गाडी धारेच्या पायथ्याला होती, तीन किलोमीटरवर. एवढ्या हिशोबात तो सपाट रस्ता मी धरलाच नव्हता. तो तीन किलोमीटर चालताना मित्र एकटाच बोलत होता.