आगळाच्या बाटलीला झाकण मिळेपर्यंत

कुडाळजवळच्या आमच्या घरी दर उन्हाळ्यात कोकमाचे आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, निघते आणि पूर्वी ते चिनी मातीच्या बरणीत, तोंडाला दादरा बांधून, कोठीच्या खोलीत ठेवले जात असे. ते विकायचे ठरले तेव्हा मी बाटलीचा, लेबलाचा आणि भावाचा विचार केला, झाकणाचा मात्र केला नाही.

पहिल्या वर्षी काचेच्या बाटल्यांना पत्र्याची फिरकीची झाकणे लावली, कारण त्याच झाकणांनी आमचे अमृत कोकम वर्षभर उत्तम टिकत होते. ८५ अंशांच्या आसपास गरम असलेला पाक भरून झाकण आवळले, की त्याच्या आतली रबरासारखी कड उष्णतेने मऊ होऊन काचेवर घट्ट बसते, बाटली निवताना आत निर्वात पोकळी तयार होते आणि झाकणाच्या मध्यावरचा उंचवटा टक् आवाज करून खाली बसतो. आगळ मात्र आम्ही तापवत नाही आणि त्यात मीठही भरपूर असते. गणपतीच्या सुमारास पुण्याच्या एका गिऱ्हाईक बाईंनी फोटो पाठवला, त्यात झाकणाच्या आतला सोनेरी लेप कडेने उडाला होता आणि बाटलीच्या आट्यांवर गंजाची रेघ उतरली होती. मी त्या खेपेच्या सगळ्या बाटल्या परत मागवल्या.

कोल्हापूरच्या बाटलीविक्रेत्याने मला पहिलाच प्रश्न विचारला, ‘ताई, आत काय भरणार ते आधी सांगा.’ मी ॲल्युमिनियमची झाकणे दाखवायला सांगितली, तेव्हा मीठ आणि आंबट एकत्र असेल तर तीही खराब होतील, असे त्यांनी बजावले. त्यांच्या सांगण्यावरून प्लास्टिकची बाटली, प्लास्टिकचे टोपण आणि त्यात फॉईलची चकती अशी जोडी मी घेतली. सील करायच्या यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ही फॉईल तापते आणि तिच्या खालचा पातळ थर वितळून बाटलीच्या तोंडाला चिकटतो. आगळाशी फॉईलचा नव्हे, तर या थराचा संबंध येतो.

हातात धरायचे यंत्र आणले, तरी सील धड बसायला दोन आठवडे गेले. वेळ कमी पडला की फॉईल नखाने सहज निघे, जास्त झाला की कडा करपून वास येई. पण खरी अडचण निराळीच होती. भरताना बाटलीच्या तोंडावर आगळाचा एखादा थेंब राही, तो सुकून मिठाचा कण धरी आणि नेमक्या त्याच जागी सील सुटे. ते डोळ्यांना दिसतही नसे. तेव्हापासून प्रत्येक तोंड आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसूनच टोपण लावतो. सील झाल्यावर टोपण थोडे सैल पडते, कारण चकतीतली फॉईल आणि तिच्या वरचा पुठ्ठा यांना जोडणारे मेण उष्णतेने वितळून पुठ्ठ्यात जिरते. म्हणून बाटली निवल्यावर टोपण पुन्हा आवळावे लागते. हे मला कोणी सांगितले नव्हते आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकीला मी ते आवर्जून सांगते.

आता प्रत्येक खेपेतल्या दहा बाटल्या वर्तमानपत्रावर रात्रभर उलट्या ठेवतो. आगळाचा लाल डाग कागदावर लगेच उमटतो, त्यामुळे सकाळी सासूबाईच आधी जाऊन कागद उचलून पाहतात आणि तो कोरा असेल तरच खोकी बांधायला घेतात.