तुला काही दिसतं का?

मार्कच्या शुभवर्तमानात आठव्या अध्यायात बेथसैदाच्या आंधळ्याची पाच ओळींची गोष्ट आहे. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, डोळ्यांना थुंकी लावतो, हात ठेवतो आणि विचारतो, "तुला काही दिसतं का?" तो माणूस वर बघून सांगतो, माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. मग येशू पुन्हा डोळ्यांवर हात ठेवतो आणि त्याला सगळं स्वच्छ दिसू लागतं.

त्या मधल्या उत्तरावर मी पुष्कळदा थांबतो. समोर प्रत्यक्ष येशू उभा, त्याने नुकतेच हात ठेवलेले. "होय प्रभू, सगळं दिसतं" असं भिडेखातर म्हणणं किती सोपं होतं! तसं म्हटलं असतं तर गडी अर्धीच नजर घेऊन घरी गेला असता. त्याने जेवढं दिसत होतं तेवढंच सांगितलं. येशू त्याला अविश्वासू म्हणत नाही, उरलेलं काम पुरं करतो.

आपल्या वऱ्हाडातल्या, यवतमाळ-वाशिमकडच्या घरगुती प्रार्थनांमध्ये हेच मधलं उत्तर गळून जातं. बुधवारी रात्री सतरंजी अंथरून माणसं बसतात, दोन गाणी होतात, मग साक्ष, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं. कोणी म्हणतं, प्रभूने क्षयातून मोकळं केलं. आरोग्य केंद्रातून मिळालेल्या सहा महिन्यांच्या गोळ्यांचा उल्लेखच होत नाही. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, देवाचा मान कमी होऊ नये एवढंच मनात असतं. पण ऐकणाऱ्यांत एखादी बाई असते, तिच्या नवऱ्याचे दोनच महिने झालेले असतात. खोकला थांबलेला, भूक लागू लागलेली. ती घरी जाऊन म्हणते, आता गोळ्या कशाला? जंतू मात्र अंगात उरलेले असतात. उपचार अर्धवट सुटला की ते पुन्हा वाढतात, आणि तेव्हा नेहमीचं औषध त्यांना लागू पडेलच असं नसतं. साक्षीत गाळलेल्या एका वाक्याची किंमत दुसऱ्याच्या घरात मोजली जाते.

येशूची रीत पाहा. पहिल्याच अध्यायात तो कुष्ठरोग्याला बरं करतो आणि लगेच सांगतो, जा, स्वतःला याजकाला दाखव. मोशेच्या नियमाप्रमाणे तपासणी याजकाने करायची असे. म्हणजे ज्याने बरं केलं तोच तपासून घ्यायला पाठवतो. म्हणून क्षयाची साक्ष द्यायची तर अशी द्यावी: निदान अमुक महिन्यात झालं, गोळ्या पुऱ्या सहा महिने घेतल्या, शेवटची थुंकी तपासणी झाली, आणि या सगळ्या काळात देवाने घर सांभाळलं. यात देवाचा मान तसूभरही कमी होत नाही. गावात तसंही काही लपत नाही. दवाखान्याची पिशवी शेजाऱ्याने पाहिलेली असते.

येशूला आहे तसा स्वीकारणं याहून अवघड आहे, कारण आपल्या मनात नवसाची सवय खोल रुजलेली आहे. नवस म्हणजे सरळ बोली: तू हे दे, मी ते करीन. बाप्तिस्मा झाला तरी ही बोली जात नाही, फक्त समोरचं नाव बदलतं. सोसायटीचं कर्ज फिटू दे, बोअरला पाणी लागू दे, पोट्ट्याला नोकरी लागू दे. मागू नये असं मुळीच नाही, त्यानेच भाकर मागायला शिकवलं. पण योहानाच्या सहाव्या अध्यायात भाकरी खाल्लेली माणसं त्याला बळजबरीने राजा करायला निघाली, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून गेला. दुसऱ्या दिवशी तोंडावर सांगितलं, तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधता. बरेच शिष्य तिथूनच परत फिरले. त्याने कोणाला अडवलं नाही.

शेजारी विचारतो, "काहो जी, तुमचा येशू कपाशीला भाव आणून देते का?" याला खरं उत्तर "नाही, तसा शब्द त्याने दिलेला नाही" हेच आहे. ते द्यायला जीभ जड होते, तरी द्यावं. "विश्वास कमी पडला म्हणून पीक गेलं" असं तर कोणालाही कधीच म्हणू नये. गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला, म्हणजे समोर आलेलं मरण, टळावा म्हणून पुन्हा पुन्हा प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही. त्याचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) गोष्टींवर त्या आपल्या वडीलधाऱ्या मठवासी भगिनींशी पत्रांतून वाद घालत राहिल्या, पटलं नाही ते पटलं म्हणून लिहिलं नाही. पुढे त्यांनी स्वतःच नोंदवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळायला आणखी काही वर्षं लागली. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल मूळ भाषांवरून उतरवणारी बाई ती. 1922 मध्ये त्या गेल्या, बायबल 1924 मध्ये छापून आलं. इतक्या मोठ्या बाईला हे कबूल करता आलं, मग आपण कशाला घाबरावं?

करायचं काय, तर मार्क पुरा वाचायचा. निवडक ओळी वाचल्या की येशू आपल्याला हवा तसाच उरतो. सोळा अध्याय आहेत, सावकाश मोठ्याने वाचले तरी साधारण दोन तास. चार बुधवार, दर वेळी चार अध्याय. तूर-हरभरा घरात आल्यानंतरचा, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतला काळ बरा. पेरणीच्या धांदलीत सुरू केलं की दुसऱ्या बुधवारीच सुटतं. ज्याला वाचता येतं त्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. हाती पेन्सिल ठेवावी. आवडलं तिथे टिंब, कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, खटकलं तिथे फुली. आणि चर्चा फुलीपासून सुरू करावी.

फुल्या कुठे पडतात ते साधारण ठरलेलं आहे. पाचव्या अध्यायात सुमारे दोन हजार डुकरं समुद्रात बुडतात. शेळ्या पाळणारा माणूस लगेच विचारतो, नुकसान कोणाचं झालं? तिथल्या लोकांनीही तोच हिशेब केला आणि येशूला आमच्या भागातून जा म्हणून विनवलं. सातव्यात मुलीसाठी विनवणाऱ्या परदेशी बाईला दिलेलं उत्तर, मुलांची भाकर कुत्र्यांना टाकणं बरं नव्हे. अकराव्यात हंगाम नसताना शापलेलं अंजिराचं झाड. पाळकाने इथे घाईने सारवासारव करू नये. फुली आठवडाभर तशीच राहू द्यावी. ती परदेशी बाई उलटून बोलली आणि तिचं मागणं पुरं झालं, हे बहुधा ऐकणाऱ्यांपैकीच एखादी दाखवून देते.

दहाव्या अध्यायात एक ठिकाण मुद्दाम सावकाश वाचावं. येशूसाठी घर, भाऊबंद, शेतं सोडणाऱ्याला ती शंभरपट मिळतील, हे वाक्य आपल्याकडे फार चालतं. त्याच वाक्यात "छळणुकीबरोबर" असा शब्द आहे, तो वाचताना गिळला जातो. भावकीने पंगतीला बोलावणं बंद केलेल्या घरासाठी तोच शब्द सगळ्यात महत्त्वाचा असतो.

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर बायबलातल्या स्तोत्रांपैकी स्तोत्र 13 घ्यावं. सहाच ओव्या, आणि पहिल्या दोन ओव्यांत "कोठवर" चार वेळा. प्रत्येक "कोठवर"नंतर आपली खरी गोष्ट नाव घेऊन सांगावी: बोंडअळी, सावकार, दारू पिणारा भाऊ. शेवटच्या ओवीतलं गाणं ओठांवर येत नसेल तर त्या दिवशी चौथ्या ओवीपाशी थांबावं. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे.

चौथ्या बुधवारी सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीला वाचन थांबवावं. सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत मार्क तिथेच संपतो: बायका येशूच्या रिकाम्या कबरेपासून थरथरत पळाल्या आणि भीतीने कोणाला काही बोलल्या नाहीत. पुढच्या ओव्या दुसऱ्या दिवशी वाचाव्या. त्या रात्री दिवा मालवण्याआधी एकेकाला एवढंच विचारावं, तुला काही दिसतं का? आणि कोणी "झाडांसारखं" म्हणालं तर त्याला मध्येच टोकू नये.