अंदमानच्या समुद्रात मार्लिन ओळखताना: पट्टे सोडा, पर बघा

नागपूरहून अंदमानला जायला चेन्नईचा रस्ता सोयीचा. तमिळनाडू एक्स्प्रेस किंवा जी.टी. (ग्रँड ट्रंक) एक्स्प्रेसने चेन्नई, तिथून विमानाने सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचं श्री विजयपुरम. जानेवारी ते एप्रिल समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो. बेटांपासून थोडं पुढे गेलं की तळ एकदम खोल जातो. मार्लिनसारखे लांब चोचीचे मासे शोधायचे ते या खोल पाण्याच्या कडेलाच.

ताडोबा-पेंच फिरणाऱ्या आपल्या लोकांना वाघ पट्ट्यांवरून ओळखायची सवय. इथे तीच नडते. मासा शिकारीमागे लागला की अंगावरचे निळसर उभे पट्टे झळाळतात, शांत झाला की विरतात. शिवाय सेलफिश, निळा मार्लिन आणि पट्टेरी मार्लिन, तिघांनाही पट्टे असतात. म्हणून आम्ही आधी पाठीवरचा पर, म्हणजे माशाचा पंखासारखा अवयव, बघतो आणि त्याची उंची अंगाच्या जाडीशी, म्हणजे पाठीपासून पोटापर्यंतच्या मापाशी, ताडतो. पर जाडीपेक्षा बराच उंच आणि शिडासारखा पसरलेला असेल तर सेलफिश. पराचं पुढचं टोक जाडीइतकं किंवा किंचित जास्त असेल तर पट्टेरी मार्लिन. जाडीपेक्षा कमी, पण निम्म्याहून जास्त असेल तर निळा. निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून बुटका असेल तर काळा मार्लिन.

घोळ होतो तो वेगात पोहणाऱ्या सेलफिशचा. तो शीड मिटून पाठीच्या खाचेत घालतो आणि लांबून मार्लिनच वाटतो. तेव्हा पोटाखालचे दोन बारीक पर शोधा; सेलफिशचे ते फारच लांब असतात. तलवार मासा मात्र चुकू नये: चोच चपटी, पोटाखाली पर नाहीतच, आणि पाठीवरचा पर ताठ, मिटता न येणारा.

काळ्या मार्लिनची सगळ्यात पक्की खूण छातीच्या परांत आहे. मोठ्या माशाचे हे पर अंगालगत मिटतच नाहीत. त्याने उडी मारली की दोन्ही बाजूंना ताठ पंख काढल्यासारखे दिसतात. उडी क्षणभराची, म्हणून कॅमेऱ्याचा शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा, सलग फोटो घ्या, पाण्याची चमक कापणारा पोलरायझ्ड चष्मा लावा.

गळाला लागलेला मासा बोटीशी आला तर हातमोजे घालून चोच धरा, मासा पाण्यातच ठेवा आणि इंजिन हळू पुढे चालू द्या, म्हणजे कल्ल्यांतून पाणी वाहत राहतं. मग छातीचा पर अलगद मागे दाबा. सहज मिटला तर निळा किंवा पट्टेरी. अडला तर काळा, आणि तिथेच थांबा. जोर लावला तर सांधा दुखावतो. लहान काळ्या मार्लिनचे पर कधीकधी मिटतात, तेव्हा पाठीच्या पराची उंचीच खरी धरा. फोटोसाठी एवढा जड मासा चोचीने वर ओढू नका. आतल्या अवयवांना इजा होते आणि सोडल्यावरही तो जगेलच असं नाही.