बैठकीत आधी कुणाकडे बघतात

आज तालमीत गणपतीची बैठक झाली. विषय जुनाच, मिरवणुकीत डॉल्बी की ढोल-ताशा. आबा गेली कित्येक वर्षं खजिनदार. ते शांतपणे वर्गणीचा आकडा सांगत होते, तेवढ्यात एक पोरगा उठून त्यांच्यावर ओरडला, "आबा, तुमचा काळ गेला आता!" आबांनी वही मिटली आणि गप्प बसले.

भांडण दोन मिनिटांचं. मला लागलं ते त्यानंतरचं. मांडवाचा विषय निघाला, तर बोलायच्या आधी प्रत्येकजण त्या पोराच्या तोंडाकडे बघत होता. खजिनदार अजूनही आबाच आहेत, कुणी ठराव केला नाही, मतं घेतली नाहीत. तरी जागा हलली, आणि ती हलवली आम्ही बघणाऱ्यांनी.

1954 साली मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका शिबिरात अकरा-बारा वर्षांच्या 22 मुलांचे दोन गट केले होते. आधी दोन्ही गट आपापले वेगळे राहिले, मग त्यांच्यात सामने लावले. चुरस पेटली तशी एका गटातला आधीचा म्होरक्या मागे पडला आणि लढायला पुढे सरसावणाऱ्या दुसऱ्या मुलाचं ऐकायला लागले सगळे. पोरं तीच होती, पण भांडण सुरू झाल्यावर त्यांना वेगळा माणूस हवासा वाटला.

आपल्याकडेही तेच दिसतं. इथं कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांचे फुटबॉल सामने सुरू झाले की ज्याचा आवाज मोठा, तो गटाचा पुढारी. पण 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शहरात शिरली, तेव्हा कुणाच्या घरात म्हातारी माणसं आहेत, कुणाला औषध लागतं, हे आबांना तोंडपाठ होतं. तेव्हा हीच पोरं "आबा, आता कुठं जायचं?" म्हणून त्यांच्या मागं फिरत होती. लढाई पाण्याशी होती, म्हणून माहितीला मान होता. आजची आपसातली, म्हणून आवाजाला मिळाला.

त्या पोराचा मला राग नाही. डॉल्बीबद्दल त्याचं म्हणणं मला पटत नाही, पण राबतो तो मनापासून. काळजी वाटते ती वेगळीच. आबा पुढच्या वेळी आलेच नाहीत तर वर्गणीची वही कुणाला कळणार? कुणाकडून किती घ्यायचं, कुणाकडे यंदा मागायचंच नाही, हे त्या वहीत कुठं लिहिलेलं नाही.

पुढच्या बैठकीला त्यांना घरी जाऊन घेऊन येणार. आणि मांडवाचा विषय निघाला की सगळ्यांसमोर पहिला प्रश्न त्यांनाच विचारणार.